हिरव्या कड्याची अट

निलांबरी खराडेला सरकारनं सोडलं तेव्हा तिच्या खांद्याला एक पिशवी होती आणि उजव्या मनगटात कडं होतं. कड्याचं सरकारी नाव ‘सांगाती’. हे नाव ज्यानं ठेवलं त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा, कारण असला सांगाती वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. दिसायला बांगडीसारखंच, थोडं जाड, आणि त्याला तीन रंग ठाऊक. हिरवं म्हणजे बाई ठीक आहे. पिवळं म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे धावा. आंघोळीला काढायचं नाही, झोपताना काढायचं नाही, आणि काढलंच तर पुन्हा आत.

आत म्हणजे सुरक्षित मनोरुग्णालयात. मनाच्या आजारात ज्यांच्या हातून गुन्हा घडतो त्यांना कोर्ट निर्दोष म्हणतं आणि तिथं पाठवतं. तुरुंग नाही असं सगळे सांगतात, भिंत मात्र तेवढीच उंच. निलांबरीनं तिथं नऊ वर्षं काढली.

त्याच सकाळी बाजीराव लोकरेही सुटला. यानं आजाराच्या भरात सख्ख्या भावावर कोयता उचलला होता. त्याला न्यायला जीप भरून माणसं आली, बायकोनं फाटकातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, कुणीतरी पेढेसुद्धा वाटले. निलांबरीला न्यायला मुजावर मॅडम आल्या, एकट्या, विजेच्या स्कूटरवर. शबाना मुजावर म्हणजे सुटलेल्या लोकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी समाजसेविका, अख्खा तालुका त्यांच्या गळ्यात. त्यांनी तिच्यापुढं हेल्मेट धरलं आणि वाटेत चहा घेऊ म्हणाल्या. बायकांच्या वॉर्डात हे कुणाला नवीन नव्हतं. पुरुष सुटला की त्याला घर न्यायला येतं, बाई सुटली की सरकार. चहा बरा होता, निलांबरीनं दोनदा घेतला.

तिनं काय केलं होतं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी फसवल्यासारखं वाटून घ्यायला नको. खराड्यांची तासगावकडं द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. लेक झाली, महिना व्हायचा होता, आणि निलांबरीची झोप उडाली. एक-दोन रात्रींची नव्हे, पार उडाली. बाळंतपणानंतर काही बायकांच्या मेंदूत असं वादळ उठतं; लवकर ओळखलं तर औषधानं महिन्याभरात शमतं. घरातल्यांनी ओळखलं नाही, ओली बाळंतीण चिडचिडी असायचीच म्हणाले. बाळाला आंघोळीनंतर ओवा-शेपाची धुरी द्यायची रीत सगळ्यांच्याच घरी. निलांबरीला कुणीतरी कानाशी सांगायला लागलं, की लेकराच्या छातीत काहीतरी शिरलंय, ते या असल्या मिळमिळीत धुरानं निघायचं नाही. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून शेडमागच्या बंद खोलीत गंधक जाळतात. तिनं लेकीला दुपट्यात गुंडाळलं, त्या खोलीत ठेवलं, दार लावलं आणि बाहेर बसून अंगाई म्हणू लागली.

सासूनं, म्हणजे आक्काताईंनी, दार तोडून पोरीला बाहेर काढलं. पोर वाचली, छाती मात्र कायमची नाजूक झाली. निलांबरी औषधांनी चारेक महिन्यांत बरी झाली. बरी झाली म्हणजे तिला सगळं आठवायला लागलं. त्यानंतरची वर्षं ती कशासाठी आत होती, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही. बाजीरावानं भावावर कोयता उचलला तर लोक म्हणाले, आजार होता बिचाऱ्याला. निलांबरीचं नाव निघालं की म्हणायचे, आई कसली ती. आजार दोघांनाही होता की नाही? पण हे कुणी कुणाला समजवावं.

नवऱ्यानं घटस्फोट घेतला, दुसरं लग्न केलं आणि तो पुण्यात राहायला गेला. लेक, शिवन्या, आक्काताईंपाशीच वाढली. निलांबरीला मुजावर मॅडमनी दोन कामं सुचवली होती, एक गावातल्या बेकरीत आणि एक तासगाव रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या बेदाणा शेडवर. बेकरीत पंखा होता, खोली चांगली होती. तिनं शेड घेतली. बेदाणा पुन्हा बघवेल का, असं मॅडमनी काळजीनं विचारलं, तर ती नुसती हो म्हणाली. खरं कारण असं, की शिवन्याच्या शाळेची बस त्या शेडवरून जाते हे तिनं मॅडमच्याच बोलण्यातून टिपलं होतं.

बस पहिल्यांदा गेली त्या सकाळी खिडक्यांतून नुसती डोकी दिसली. त्यातलं आपलं डोकं कुठलं हेही तिला कळलं नाही. कड्यानं मात्र लगेच पिवळं फेकलं. तेव्हापासून निलांबरी रस्त्याकडं पाठ करून बसायला लागली.

आता हे कडं शिकलं कसं, ते सांगायला हवं. माणसाचं मन काही ठरवायच्या आधी शरीराला ते समजलेलं असतं. हात उगारला जाण्याआधी काही मिनिटं घाम बदलतो, काळीज वेगळ्या ठेक्यात पळतं, आवाजाला बारीक कंप येतो, कातडीखालचं रक्त तापतं. शास्त्रज्ञांनी सुटलेल्या हजारो माणसांच्या या खुणा वर्षानुवर्षं गोळा केल्या आणि त्यांतल्या कुणी पुन्हा गुन्हा केला, कुणी नाही, हे यंत्राला दाखवत गेले. यंत्र शिकलं. सगळ्यांत पक्कं ते हे शिकलं, की ज्याला पूर्वी इजा केली त्या माणसाजवळ जाताना शरीर असं उसळायला लागलं, तर थांबू नका, मधे पडा.

आणि हे खोटं नव्हतं. सुटून दोन महिने झाले आणि बाजीराव बांधावर भावासमोर उभा राहिला. तोंडानं तो गोडच बोलत होता. कडं लालबुंद झालं, पोलीस पाटील धावला, आणि बाजीरावाच्या पाठीमागं रुमालात गुंडाळलेला कोयता सापडला. त्याचा भाऊ आज जिवंत आहे तो कड्यामुळं. तेव्हा कड्याला सरसकट शिव्या घालून भागत नाही. शिव्या घालून भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचीच गरज पडली नसती.

निलांबरीची अट सोपी होती. महिन्यातून दोन रविवारी, गावच्या प्राथमिक शाळेच्या रिकाम्या वर्गात, मुजावर मॅडम दाराबाहेर असताना, तिनं शिवन्याला तासभर भेटायचं. मे महिन्यापर्यंत भेटी बंद पडल्या नाहीत, तर सुट्टीत आठ दिवस पोरगी तिच्याकडं राहायला येईल; मॅडम सोबत राहतील. एकदा लाल झालं तर ताकीद. दुसऱ्यांदा झालं तर भेटी बंद, आणि निलांबरीला बाहेर ठेवायचं की पुन्हा आत न्यायचं, हे सुटकेचा निर्णय घेणारं सरकारी मंडळ ठरवेल.

पहिल्या रविवारी ती वर्गात बुटक्या बाकावर बसून होती. आक्काताई नातीला घेऊन फाटकातून आत आल्या. दोन वेण्या, लाल रिबिनी, एक मोजा खाली घसरलेला. चाल मात्र हुबेहूब निलांबरीच्या मेलेल्या आईची. बस, इतकंच बघितलं, आणि कडं लाल होऊन घुरघुरायला लागलं. मॅडमना मधे उभं राहावंच लागलं. आक्काताईंनी पोरीला उराशी दाबलं आणि आल्या पावली फिरल्या. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. त्या गंधकाच्या खोलीत त्याच शिरल्या होत्या, तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आजतागायत खळलेलं नाही. त्या घरात देवापुढं उदबत्तीसुद्धा लावत नाहीत. आजीनं नातीला शिकवून ठेवलं होतं, की कडं लाल झालं की तिला झटका येतो, तू पळायचं.

अशी पहिल्या झटक्यात ताकीद पदरात पडली. त्या आठवड्यात निलांबरी खाली मान घालून बेदाणे निवडत राहिली.

निवडायचं काम असं: यंत्राच्या कॅमेऱ्यांनी माल वेगळा केला तरी देठाची बारीक काडी कुठंतरी चिकटून राहतेच. बायका पुढ्यात परात घेऊन ती काढतात. बेदाणा घ्यायचा, फिरवायचा, काडी खुडायची, बाजूला टाकायचा. डोळे आणि बोटं एवढीच माणसं कामाला, बाकी सगळं घर झोपलेलं. शेजारी बसणाऱ्या अनुसयाक्का एकदा सहज म्हणाल्या, की बाई, तुझं हे कडं निवडायला बसलीस की कसं कैरीसारखं हिरवंगार होतंय बघ. निलांबरीनं बघितलं. खरंच होतं. तिनं मुद्दाम पोरीची आठवण काढली, पिवळं झालं. काडी खुडली, हिरवं झालं. दिवसभर तिनं हाच खेळ केला.

पुढच्या भेटीला ती परात घेऊन गेली. मॅडमनी नियम तपासले. धारदार वस्तू नको, दोरी नको, काचेचं नको. बेदाण्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

शिवन्या दाराजवळच्या बाकावर बसली, पळता यावं म्हणून. निलांबरीनं मान वर केली नाही. पोरीनं विचारलं, हे काय करतीस. तिनं सांगितलं, काड्या काढते. काड्या बाजूला पडत गेल्या. मग पोरगी एक बाक पुढं सरकली. तास संपेपर्यंत ती परातीपाशी आली होती आणि निवडलेल्या ढिगातले बेदाणे तोंडात टाकत होती. कडं हिरवं. निलांबरीला त्या भेटीत लेकीची फक्त बोटं दिसली, शाईनं माखलेली, नखं कुरतडलेली. त्या बोटांवर ती पंधरा दिवस जगली.

थंडी संपेस्तोवर असंच चाललं. शिवन्या मोठी बडबडी निघाली. बाईंनी कुणाला छड्या मारल्या, कुणाच्या डब्यात रोज तेच असतं, सगळं सांगायची. एकदा म्हणाली, की खो-खोत मला कुणी घेत नाहीत, मी लगेच धापते, मग मी बाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखते. निलांबरीच्या बोटातला बेदाणा तिथंच थांबला. कडं पिवळं झालं. तिनं दात आवळले, काडी शोधली, खुडली, दुसरी शोधली. पोरगी पुढं काय म्हणाली ते तिला ऐकूच आलं नाही. कडं हिरवं झालं.

मुजावर मॅडम अहवालात ‘प्रगती उत्तम’ असं लिहायच्या आणि आतून अस्वस्थ व्हायच्या. एका दुपारी त्या शेडवर चहाला आल्या आणि जे बोलायची मुभा नव्हती ते बोलून बसल्या. म्हणाल्या, ज्यांच्या खुणांवरून हे यंत्र शिकलं ती जवळजवळ सगळी पुरुष माणसं. बायका मुळात आत कमी, त्यांतून बाहेर पडणाऱ्या ओंजळभर. त्यांचं वेगळं काही शिकवायला पुरेना, म्हणून ठरवलं की बाईलाही तोच हिशेब लावायचा. पुरुषांनी मारलेलं असतं भावाला, बायकोला, वाटेवरच्या कुणाला. त्यांच्याजवळ जाऊन काळीज उसळलं तर तो बहुतेकदा रागच. बाईच्या हातून झालेलं असतं ते बहुतेक स्वतःच्या लेकराच्या बाबतीत. तिचं काळीज कशानं उसळतं हे यंत्राला कुणी दाखवलंच नाही. त्याला वाटतं, दोन्ही एकच.

निलांबरीनं विचारलं, की मग चूक कळल्यावर दुरुस्त का नाही करत. मॅडम कसंनुसं हसल्या. इथंच तर गाठ बसलीय, म्हणाल्या. बाईचं कडं लाल झालं की तिला आत नेतात. आत नेलं की कागदावर ‘पुन्हा गुन्ह्याकडं वळली’ असं धरतात, तिनं काहीही केलेलं नसलं तरी. तेच पुन्हा यंत्राला दाखवतात. यंत्र म्हणतं, बघा, मी लाल म्हणालो होतो, ती गेलीच आत. दरवर्षी ते बायकांबद्दल आणखी ठाम होत चाललंय.

मॅडमनी कप खाली ठेवला. “निलांबरीताई, तुम्ही हे जे हिरवं राहायला शिकलाय ना, ते चांगलं की वाईट, मला आता कळेनासं झालंय.”

निलांबरीला ते आधीच कळायला लागलं होतं. आदल्या भेटीत अर्धा तास तिला काहीच वाटलं नव्हतं. पोरगी बोलत होती, ती काड्या काढत होती, आणि मनात ना सुख ना दुःख. कड्याकडं बघायचीही गरज पडली नाही. घरी आल्यावर तिनं लेकीचा चेहरा आठवून बघितला, आणि तिच्या लक्षात आलं की पहिल्या दिवशी फाटकात पाहिला तेवढाच. त्यानंतर एकदाही बघितलेला नाही. तिला भीती वाटली. यंत्राला जशी आई हवी होती तशी ती होत चालली होती, आणि तशी झाली की यंत्र तिला पोरगी देणार होतं.

तरी तिनं सुट्टीची तयारी केली. माणूस काय करणार दुसरं. शेडमागची आपली राहायची खोली चुन्यानं रंगवली, उदबत्ती-धूप बाहेर ठेवला, चूल बंद करून विजेची शेगडी आणली. एक लहान उशी घेतली आणि तिला पोपटी अभ्रा शिवला. उशी रोज सकाळी झटकून पुन्हा कॉटवर ठेवायची. अनुसयाक्कांनी विचारलं, अगं लेकरू यायला अजून अवकाश आहे, रोज काय झटकतीस. निलांबरी म्हणाली, धूळ बसते.

सुट्टीआधीची शेवटची भेट होती ती. एवढी पार पडली की झालं. उन्हं तापली होती, वर्गाच्या खिडक्या बंद, वरचा पंखा कुरकुरत होता. निलांबरीनं परात मांडीवर घेतली. शिवन्या आली ती दाराजवळच बसली, पुढं सरकलीच नाही. बेदाणे घेतले नाहीत. निलांबरीनं विचारलं, परीक्षा झाली का. पोरगी बाकाचा कोपरा नखानं खरवडत राहिली. मग बोलली, तेही बाकाशी बोलल्यासारखी.

“मी सुट्टीत येणार न्हाई.”

काडी खुडली. “का गं?”

“तू माझ्याकडं बघतच न्हाईस. कधीच न्हाई बघितलंस. आजी म्हणायची तुला झटका येतोय, मला भ्या वाटायचं. आता तर तुला काहीच होत न्हाई. मी असले काय आन् नसले काय. तुला बेदाणं पायजेत.”

दाराबाहेर मुजावर मॅडमच्या चपला सरकल्याचा आवाज आला. निलांबरीच्या हातात बेदाणा होता. काडी होती त्याला. ती खुडायची, दुसरी शोधायची, एवढंच करायचं होतं. मग उशी, आठ दिवस, पुढच्या वर्षी कदाचित महिना. पोरगी आज रुसली असली तरी आल्यावर समजूत काढता येईल. पण काढायची कशानं? जिला काही वाटेनासं झालंय ती बाई समजूत काढणार कशी, हे तिला तिथं बसल्या बसल्या लख्ख दिसलं. आणि पोरगी येणार नव्हतीच. आठ दिवस वाट बघणारी ती उशी, आणि शेजारी हिरवंगार कडं.

तिनं परात खाली ठेवली आणि मान वर केली.

केवढी झाली होती. भुवया बापाच्या. हनुवटीवर खळी होती, ती कुणाचीच नव्हती, तिची तिचीच. ओठाला बेदाण्याची साखर लागत असणार तिथं आज रडू दाटलेलं. निलांबरी बघतच राहिली, नऊ वर्षांचं एकदम बघून घेतल्यासारखी, आणि मनगटावर कडं पिवळं झालं, लाल झालं, घुरघुरायला लागलं.

शिवन्या ताडकन उठली. दाराची कडी तिच्या हातात होती. पण पळायचं ती विसरली, कारण समोरची बाई ओरडत नव्हती की उठत नव्हती, नुसती रडत होती आणि हसत होती.

“बघितलं की हे असं होतंय,” निलांबरी म्हणाली. “म्हणून बघत न्हवते. लाल झालं की तुला भेटू देत न्हाईत.”

“लाल म्हंजी राग ना?”

“मशीनला राग वाटतोय.”

“मग काय असतंय?”

“तुझी आठवण येती.”

पोरगी गोंधळली. “मी हितंच हाय की.”

“हितं असलीस तरी येती.”

नियमाप्रमाणं कडं लाल झाल्याक्षणी मॅडमनी आत यायला हवं होतं. त्या दाराच्या बाहेर, कडीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि आत आल्या नाहीत. यासाठी पुढं त्यांना ताशेरे खावे लागले, बढती हुकली, पण त्याबद्दल त्यांनी कधी कुणाकडं रडगाणं गायलं नाही. शेवटी व्हरांड्यातून आक्काताईच धावत आल्या. त्यांनी नातीचा दंड धरला. कड्याकडं बघितलं, मग सुनेच्या तोंडाकडं बघितलं, आणि का कोण जाणे, ओढायच्या आधी क्षणभर थांबल्या. शिवन्या जाताना मागं वळून बघत गेली.

मंडळापुढं सुनावणी झाली. मुजावर मॅडम भांडल्या, तावातावानं नव्हे, पण जागचं हलायचं नाही असं ठरवून. निलांबरीला आत पाठवू नका, हे त्यांनी मिळवलं. आणखी एक मिळवलं, ते मंडळाला फारसं महत्त्वाचं वाटलं नाही म्हणून मिळालं: त्या दिवशीच्या लाल रंगापुढं ‘गुन्हा नाही, धोका नाही, आईची ओढ’ अशी नोंद करून तीच यंत्राला दाखवायची. बायकांच्या खुणांमधे अशी नोंद पहिलीच. तिनं लगेच काही बदलणार नव्हतं. आणखी कितीतरी जणींच्या नोंदी त्यावर चढल्या तर कुणा पुढच्या बाईचं कडं लेकराला बघून हिरवं राहील, एवढंच. भेटी वर्षभर बंद झाल्या. वर्षानंतर फेरविचार. नियम तो नियम, असं अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खोट नव्हती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

निलांबरीनं उशी पेटीत ठेवली नाही. कॉटवरच राहू दिली.

जूनमधे शाळा सुरू झाल्या. त्या सोमवारी निलांबरी शेडवर आली, तिनं आपली परात उचलली, बैठक उलटी फिरवली आणि रस्त्याकडं तोंड करून बसली. अनुसयाक्कांनी एकवार बघितलं आणि आपली परातही तिच्याजवळ सरकवली. शेडपासून रस्ता लांब होता, ठरवून दिलेल्या अंतराच्या पलीकडं; तिथलं लाल मोजत नाहीत, हे तिला सुनावणीतच कळलं होतं.

पहिल्या दिवशी बस नुसती गेली. कडं लाल झालं, घुरघुरलं, शांत झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. निलांबरीला काही मिळायची आशा नव्हती. बघायला मिळत होतं, आणि बघताना काळीज धावत होतं, आणि धावू द्यायला आता कुणाची परवानगी नको होती. एवढ्यानंच तिला दिवसभर बरं वाटायचं. संध्याकाळी मात्र पोरीविना जीव नको व्हायचा, तेव्हा ती पोपटी उशी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसायची.

तिसऱ्या दिवशी वळणावर बस जरा मंदावली, समोरून कडब्याची गाडी येत होती. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. शाईची बोटं लांबून दिसायची नाहीत, पण तिनं ओळखली. मनगटाला वेणीतली लाल रिबीन गुंडाळली होती, घट्ट, दोन वेढे देऊन, आणि त्या हातामागं दिसणाऱ्या डोक्याची एक वेणी सुटून मोकळी झाली होती.

निलांबरीनं पदर मागं सारला आणि उजवा हात, कड्यासकट, शेडच्या कडेच्या जाळीच्या वर धरला. कडं लालभडक होतं. बसमधल्या हातानं ते बघितलं असावं, कारण तो एकदम जोरात हलायला लागला.

कडब्याची गाडी निघून गेली, बस वळली. अनुसयाक्का म्हणाल्या, आजी आज पोरीला रिबीन कुठं टाकलीस म्हणून ओरडणार. निलांबरी म्हणाली, उद्या तिच्यासाठी नवी आणते, मॅडमकडं देते. मग तिनं परात ओढली आणि काड्या निवडायला घेतल्या. कडं बराच वेळ लालच राहिलं.